श्रीमंत गाडीचा गरीब मालक

साधी गाडी रस्त्यात बंद पडली की लोक धावून येतात. कोणी धक्का मारतं, कोणी बॉनेट उघडून उगाच एखादी वायर हलवून बघतं. महागडी गाडी बंद पडली तरी लोक येतात, पण येतात ते बघायला. आधी बॉनेटवरचं चिन्ह बघतात, मग आपला चेहरा. ‘पैसा आहे ना, मग भोग’ असा निकाल मनातल्या मनात देतात आणि प्रसन्न होऊन पुढे जातात. एखाद्या भल्या माणसाने धक्का मारायची तयारी दाखवलीच, तरी उपयोग शून्य. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. त्यातून गिअर ‘पी’त, म्हणजे पार्किंगमध्ये, अडकला असेल तर ती जागची हलतसुद्धा नाही, कारण आत लोखंडाची बोटभर खुंटी दातेरी चाकात रुतून बसलेली असते. एवढं दोन टनांचं धूड त्या बोटभर खुंटीच्या भरवशावर उभं असतं, हे मला कळलं तेव्हा मला त्या खुंटीबद्दल आदर वाटला. माझ्या गाडीत व्यवस्थित चालणारा तेवढा एकच भाग होता.

आणि पैशाचं म्हणाल, तर पैसा गाडीच्या पहिल्या मालकाकडे होता. मी दुसरा. आलिशान गाड्यांचा एक नियम आहे. नवी असताना जी गाडी आपल्याकडे ढुंकून बघत नाही, ती काही वर्षांनी आपल्या आवाक्यात येते. किंमत इतकी उतरते की नव्या साध्या गाडीच्या पैशात कातडी सीट, छताला काच आणि दार लावताना ‘थप्प’ असा खानदानी आवाज, एवढं सगळं मिळतं. उतरत नाही ती सुट्या भागांची किंमत. गाडी म्हातारी होते, पण तिचा गिअरबॉक्स सुटा विकत घ्यायला गेलात तर तो चिरतरुण असतो. हा नियम विक्रेत्याला ठाऊक असतो, मेकॅनिकला ठाऊक असतो, पहिल्या मालकाला तर फारच नीट ठाऊक असतो. म्हणून तर तो पहिला मालक उरत नाही.

दुखण्याची सुरुवात अगदी सभ्यपणे झाली. एका वेगात गाडी स्थिर चालली असताना सीटखालून बारीक थरथर यायची. रस्त्यावर गतिरोधकाच्या बारीक पट्ट्या असाव्यात आणि त्यांवरून चाकं जावीत, तशी. क्षणभर येई आणि जाई.

“अहो, रस्ता खराब आहे का इथे?” बायकोने विचारलं.

“असेल,” मी म्हणालो.

मग तो खराब रस्ता आम्ही जाऊ तिथे आमच्याबरोबर येऊ लागला. पुढे ‘आर’ टाकल्यावर गाडी विचारात पडू लागली. टाकला, काही नाही. थांबलो, काही नाही. आणि मागे बघणं सोडून आरशात स्वतःचे केस बघायला लागलो की ढुशी दिल्यासारखी मागे. एके दिवशी समोरच्या पडद्यावर संदेश आला: ट्रान्समिशनमध्ये (म्हणजे गिअरबॉक्समध्ये) बिघाड आहे, प्रवास चालू ठेवता येईल, बेताने चालवा. महागड्या गाडीचे संस्कार बघा. पोटात आग पडलेली असतानाही भाषा पाहुण्यांसमोरची. त्यानंतर गाडीने एकच गिअर धरला आणि तो काही केल्या सोडेना. याला लिम्प मोड म्हणतात. आतल्या कॉम्प्युटरला काहीतरी भयंकर दिसलेलं असतं, म्हणून तो बाकीचे गिअर कुलपात टाकतो आणि आपल्याला रखडत घरी पोहोचू देतो. इंजिन किंचाळत होतं, सायकलवाले मला ओव्हरटेक करत होते, आणि स्टिअरिंगवरचं सोनेरी शिवणकाम तेवढं शांत होतं.

गाडी बिघडल्याची बातमी फुटली आणि उंटावरचे शहाणे जमले. त्यांचे म्होरके आमचे मेहुणे. ते मॅन्युअलवाले. “गिअर स्वतःच्या हाताने टाकायचा असतो. हाताला काय मेंदी लागलीय?” हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि ते मांडायला त्यांना माझ्या गाडीसारखी संधी आयुष्यात मिळाली नव्हती. मी त्यांना सांगून पाहिलं की हे काही आजचे चोचले नाहीत. ज्या टॉर्क कन्व्हर्टरवर ही सगळी करामत उभी आहे, त्याचं पेटंट जर्मन इंजिनिअर हेरमान फॉटिंगर यांनी 1905 साली घेतलं, आणि तेही मोटारींसाठी नाही, जहाजांसाठी. पात्यांची दोन चाकं समोरासमोर, त्यांच्यामध्ये तेल. एक चाक इंजिन फिरवतं, ते तेल ढकलतं, तेल दुसऱ्या चाकाला फिरवतं. लोखंडाला लोखंड न लावता ताकद पलीकडे पोहोचते. 1939 मध्ये जनरल मोटर्सने क्लचचं पेडल नसलेला हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला आणि दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन रणगाड्यांतही बसवला.

“म्हणजे रणगाड्यात टिकला आणि तुझ्याकडे नाही टिकला,” मेहुणे म्हणाले.

इतिहासाने आजवर कोणाची बाजू घेतलीय?

गाडी वर्कशॉपला न्यायची तर ओढून नेता येत नाही. गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फरफटवली तर आतले भाग कोरडेच घासले जातात, आणि जे थोडंफार वाचलेलं असतं तेही जातं. म्हणून तिला सपाट ट्रकवर चढवावं लागतं. म्हणजे बिघाडातही मिरवणूक. ट्रकवर उंच बसून ती शहरभर फिरली आणि ट्रकवाल्याच्या शेजारी मी मान खाली घालून बसलो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र मन निवतं. गारवा असतो, मऊ सोफे असतात, मासिकं असतात, आणि आपण बसलो की कोणीतरी नाव घेऊन ‘सर’ म्हणतं. हे सगळं कशासाठी असतं ते एस्टिमेट हातात पडल्यावर समजतं. उभ्याने वाचलं तर माणूस पडेल. अॅडव्हायझर तरुण होता, गोड बोलत होता. त्याने गाडीला वायर जोडली, टॅबलेटवर काही आकडे आले, आणि तो म्हणाला, “सर, युनिट रिप्लेस करावं लागेल.”

“नेमकं काय बिघडलंय?”

“युनिट, सर.”

“युनिटमधलं काय?”

यावर तो माझ्याकडे कमालीच्या सहानुभूतीने बघत राहिला. युनिटमध्ये काही असतं, ही कल्पना तिथे रुजलेली नव्हती. तिथे गिअरबॉक्स उघडत नाहीत. जुना काढतात, नवा बसवतात, जुना खोक्यात घालून कुठेतरी पाठवतात. आत चार ग्रहमालिका (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे संच) असोत, पाच क्लच-ब्रेक असोत, की एखादी फाटकी रबरी रिंग असो, बिल एकच.

एस्टिमेट बघून माझे डोळे पांढरे झाले. घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला उठलो, तर त्याच इमारतीत पलीकडे जुन्या गाड्या विकत घेणारं टेबल होतं. सहज म्हणून त्यांना माझ्या गाडीची किंमत विचारली. त्यांनी आस्थेने विचारपूस केली आणि गिअरबॉक्स गेलाय हे ऐकल्यावर एक आकडा सांगितला. पलीकडच्या टेबलावर नुसता गिअरबॉक्स अख्ख्या गाडीहून महाग होता, आणि इकडच्या टेबलावर ती अख्खी गाडी त्या गिअरबॉक्सच्या खोक्याच्या भावात जात होती. दोन टेबलांमध्ये अंतर जेमतेम दहा पावलांचं. ती दहा पावलं मी बराच वेळ इकडून तिकडे घालत होतो. दुरुस्त करावी तर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च, विकावी तर घातलेले पैसे गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इथे तर ते धड पळतही नव्हतं, ट्रकवर बसून येत होतं.

शेवटी शोध घेत घेत एका अशा माणसाकडे पोहोचलो जो फक्त गिअरबॉक्सच उघडतो. सोफा नाही, मासिक नाही. एक स्टूल, त्यावर आधीच बसलेलं मांजर. मेकॅनिकने गाडीखाली जाऊन तळाचा पॅन सोडला, त्यातलं थोडं तेल बोटांवर घेतलं आणि माझ्या नाकाशी धरलं. करपल्याचा वास. मूळचं पारदर्शक तेल काळंठिक्कर झालं होतं. पॅनच्या तळाशी छोटे लोहचुंबक असतात. त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप चढला होता. त्यांनी तो बोटाने पुसून अंगठ्यावर घासला, पुन्हा घासला, उजेडात धरून बघितला.

“नशीब आहे साहेब. भुकटी आहे, तुकडे नाहीत.”

भुकटी म्हणजे नेहमीची झीज. चकाकणारे तुकडे निघाले असते तर गिअर गेले. अंगठ्यावरच्या त्या राखाडी डागाकडे मी ज्या आशेने बघितलं, तेवढ्या आशेने कधी दहावीच्या निकालाकडेही बघितलं नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते टॅबलेटवर येणारं नव्हतं. कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. गाडी लयीत आली की तो इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट बांधतो, म्हणजे तेलातली घसरण थांबते आणि इंधन वाचतं. त्याचं अस्तर झिजलं की पकड सुटते-लागते, आणि तीच आमची ‘रस्ता खराब आहे का’वाली थरथर. झिजलेल्या अस्तराचा चुरा तेलात फिरतो आणि व्हॉल्व्ह बॉडीत जातो. ती अॅल्युमिनियमची जाड पाटी असते, तिच्यात बारीक बारीक वाटा कोरलेल्या आणि त्यांत बोटाएवढे व्हॉल्व्ह. तिथे चुरा बसला की तेल वेळेवर पोहोचत नाही, दाब पडत नाही, आणि ‘आर’ टाकून माणूस केस बघत बसतो. त्यात उष्णतेने रबरी सील कडक झाले, म्हणजे उरलासुरला दाबही गळाला.

“तेल कधी बदललं होतं?” त्यांनी विचारलं.

मी अभिमानाने गाडीचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात गिअरबॉक्सचं तेल बदलायचा रकानाच नाही. ते जन्मभर पुरतं, अशी समजूत आहे. ते हसले. कितीतरी आलिशान गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलावं. आता ज्याने गिअरबॉक्स बनवला तो बदला म्हणतो, ज्याने तो गाडीत बसवला तो नको म्हणतो. मला वाटतं, यात भांडण कुठेच नाही. पुस्तक पहिल्या मालकासाठी लिहिलेलं असतं. तेलाचं आयुष्य आणि पहिल्या मालकाचं प्रेम साधारण एकदमच संपतं.

दुरुस्ती झाली. कन्व्हर्टर नवं अस्तर लावून आला, व्हॉल्व्ह बॉडी धुतली, सील बदलले. खर्च झाला, भरपूर झाला, पण तो वाचताना बसावं लागलं नाही. शेवटी तेल भरायचा सोहळा असतो. यात तेल मोजायची दांडीच नसते. इंजिन चालू ठेवायचं, सगळे गिअर फिरवून घ्यायचे, तेलाचं तापमान 30 ते 50 अंशांच्या मध्ये असताना बाजूचं बूच उघडायचं आणि तिथून तेल बाहेर येईपर्यंत भरत राहायचं. आधी भसकन आलं, मग धार बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली, आणि त्यांनी बूच लावलं. एवढ्या कॉम्प्युटरांच्या गाडीत शेवटचा निर्णय त्या धारेच्या जाडीवर.

“आता काही दिवस निवांत चालवा. गिअरबॉक्स नव्याने शिकतोय.”

जुन्या मालकांच्या सवयींची त्याची पाटी कोरी केली होती. म्हणून मी गाडी अशी चालवू लागलो, की मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. त्यांना काय सांगणार, शाळा चालू आहे म्हणून?

गाडी आता लोण्यासारखी चालते असं मी म्हणणार होतो, पण मेहुणे वाचतील. त्यांना गिअर बदललेले कळत नाहीत, आणि ते कळत नाहीत याचा त्यांना त्रास होतो.

मध्यंतरी गाडी विकायचं मनात आलं. जाहिरात दिली. एक तरुण आला, गाडी चालवून बघितली, खूश झाला. मी मोठ्या विश्वासाने दुरुस्तीच्या बिलांची फाइल त्याच्या हातात ठेवली. ती चाळता चाळता त्याचा चेहरा उतरला.

“काका, गिअरबॉक्स उघडलाय हा.”

“हो, म्हणून तर चांगला आहे.”

“नको मग. मला न उघडलेली पाहिजे.” त्याने फोनवर एका दुसऱ्या गाडीचा फोटो दाखवला. हेच मॉडेल, हेच वर्ष, हाच रंग. गिअरबॉक्सला कोणी हातही लावलेला नाही, असं तो डोळे चमकवत म्हणाला. फक्त चालवताना एका वेगाला किंचित थरथरते, पण ते मालक म्हणाले की तिकडचा रस्ताच खराब आहे.

मी मेकॅनिकचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेवला.