डिझेलला प्लग नसतो

"डिझेलला प्लग नसतो."

हे वाक्य मी गेल्या रविवारी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान अकरा वेळा ऐकलं. मोजलं, कारण बॉनेटखाली डोकं घालून वाकलेल्या माणसाला दुसरा विरंगुळा नसतो.

झालं होतं एवढंच, की थंडी पडल्यापासून गाडी सकाळी हटून बसायची. स्टार्टर घरघरत राहायचा, चौथ्या-पाचव्या खेपेला इंजिन खोकत उठायचं, अंगात आल्यासारखं मिनिटभर थरथरायचं आणि मागून पांढरा धूर सोडायचं. दुपारी तीच गाडी चावी फिरवायचा अवकाश, की सुरू. एका मेकॅनिकनं बॉनेटला हातही न लावता सांगितलं, "बॅटरी गेली." नवी बॅटरी बसवली. मग गाडी नव्या दमानं बंद राहू लागली. शेवटी मीच मीटर घेऊन खाली उतरलो.

खाली पहिल्या मजल्यावरचे काका होतेच. हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी.

"काय शोधताय?"

"काही नाही काका, हीटर प्लग बघतोय."

काका गाडीला वळसा घालून मागे गेले, टाकीच्या झाकणावरची अक्षरं वाचून परत आले. "ही डिझेल आहे."

"हो."

"डिझेलला प्लग नसतो."

काका साफ चुकले असते तर मला राग आला नसता. ते अर्धे बरोबर होते, तिथेच माझं डोकं फिरलं. डिझेलला ठिणगीचा प्लग नसतोच. पिस्टन हवेला दाबून दाबून सोळा-वीस पट लहान करतो, त्या दाबानं हवा इतकी तापते की डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो. पण पहाटे इंजिनचं लोखंड गार असतं, ती ऊब ते गिळून टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक हीटर असतो. चावी अर्धी फिरवली की काही सेकंदांत त्याचं टोक आठशे-हजार अंशांपर्यंत तापतं. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हीटर झाला. प्लग नाही."

या इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल 1913 साली बोटीनं इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसे झाले. त्यावर आजवर बरेच तर्क लढवले गेलेत. माझा तर्क असा, की त्या बोटीवर पहिल्या मजल्यावरचे कुणीतरी काका असणार.

असो. चारही प्लगना जोडणारी पट्टी सोडवली. मीटर ओहमवर, म्हणजे विजेचा रोध मोजायला, ठेवून आधी दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या: 0.4. हे मीटरचं स्वतःचं. आलेल्या आकड्यातून वजा करायचं. मग एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दुसरा आणि चौथा प्लग, वजाबाकी करून, एकेक ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. पहिला आणि तिसरा 'ओ.एल.', म्हणजे आतली तार तुटलेली.

"मीटर बिघडलाय," काका म्हणाले. तोवर त्यांनी दूध आणायला निघालेल्या दोघांना थांबवून घेतलं होतं.

प्लग तापताहेत हे सांगणारा डॅशबोर्डावरचा तो वेटोळ्याचा पिवळा दिवा मात्र इतके दिवस रोज इमानेइतबारे लागायचा आणि वेळेवर विझायचा. माझ्या गाडीत त्याचं नातं टायमरशी आहे. प्लग तापला का, हे तो विचारायलाही जात नाही. बॅटरीवाल्यासारखाच. मीटरची दोन टोकं टेकवायला दहा मिनिटं लागली असती हो. पण हल्ली दुरुस्ती म्हणजे बदली. जे सहज निघतं ते बदलायचं, आणि अडचणीतलं जे खरं बिघडलंय ते गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडायचं.

नवे प्लग आणलेच होते. बसवण्याआधी एक पारखून घ्यावा, आणि काकांची शंकाही फिटावी, म्हणून पकडीत धरून थेट बॅटरीला लावला. (हे जुन्या धाटणीच्या 12 व्होल्टच्या प्लगलाच चालतं. बऱ्याच नव्या गाड्यांतले प्लग कमी व्होल्टचे असतात, ते अशानं जळून जातील.) टोक आधी काळपट लाल झालं, मग निखाऱ्यासारखं केशरी. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं.

"बघा!" काका त्या दोघांना म्हणाले. "हीटर! मी काय सांगत होतो?"

दोघांनी माना डोलावल्या. मी चटका बसलेलं बोट तोंडात घातलं.

तिसरा प्लग निघाला. पहिला मात्र कार्बन धरून घट्ट बसला होता. इंजिन कोमट करून घेतलं होतं, रात्रीपासून तेलही मुरत ठेवलं होतं, तरी हलेना. इथं जोर केला आणि प्लग आत तुटला, तर अख्खं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, उतरवावं लागण्याची पाळी येते. म्हणून पाव वळसा सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा. श्वास रोखून हेच चाललं असताना "कट्" असा आवाज आला.

"तुटला?" काकांच्या आवाजात काळजी नव्हती. आशा होती.

तुटला नव्हता. कार्बन सुटला होता. नवे दोन्ही प्लग हातानं आटे धरवून, मग बेतानंच आवळले, पट्टी जोडली. सोमवारी पहाटे गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली. धूर नाही, थरथर नाही. हे बघायला आवारात चिटपाखरू नव्हतं.

काल लिफ्टमध्ये काका एका शेजाऱ्याला सांगत होते, "यांची गाडी बंदच होती. मी दीड तास उभा राहिलो, तेव्हा कुठे मार्गी लागली." मी काही बोललो नाही. शेजारी तिसऱ्या मजल्यावर उतरला. दार बंद झालं तसे काका माझ्याकडे वळले.

"अहो, तो जुना प्लग टाकलात का? नातवाला दाखवायला हवा होता."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. साक्षीला कोणी नाही.