पक्ष्यांच्या पाण्याचं परळ: किती खोल, कुठे ठेवायचं

बागेत पक्षी यावेत म्हणून काय करावं, यावरच्या लेखात त्यांच्यासाठी पाण्याचं भांडं ठेवायला सांगितलंय, पण कसलं आणि कुठे, हे राहून गेलं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्यावर किंवा उघड्या गच्चीवर ठेवलेलं स्टीलचं भांडं दुपारी चटके देतं. मातीचं पसरट परळ, म्हणजे उथळ थाळी, घ्या, पाणी दीड-दोन इंचच, मध्ये एक खडबडीत दगड. खोल बादलीत चिमणीची पिल्लं बुडतात. कडुनिंबाच्या सावलीत ठेवा, मात्र दाट झुडपापासून सहा-सात फूट लांब, कारण मांजर तिथेच दबा धरून बसते. रोज पाणी ओतून देऊन काथ्याने घासा, साबण नको. विष्ठा पडलेल्या पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरतात, आणि तेच पाणी आठवडाभर राहिलं तर डास होतात.

दाण्यांचं म्हणाल तर मूठभर ज्वारी-बाजरी पुरे. पण बागेतली फवारणी बंद करा, हे कळकळीने सांगतो: दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. जास्वंदीवर शिंजीर, उंबरावर तांबट हे पक्षी आपोआप येतात. बघायचं तर सूर्योदयानंतरचे दोन तास उत्तम, परळापासून पंधरा-वीस फुटांवर, न हलता.