दोन साहेब, एक प्रेस

आज पुन्हा तेच. सकाळी साडेनऊला थोरल्या साहेबांचा फोन : "ब्रॅकेट थांबवा, आधी क्लॅम्प काढा. गिऱ्हाईक बोंबलतंय." प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवली, दुसरी चढवली, पत्र्याची कॉइल बदलली. फर्स्ट पीस क्यूसीतून, म्हणजे तपासणीतून, पास होऊन येतो न येतो, तोच धाकटे साहेब शॉपवर हजर. "ब्रॅकेट कुणी थांबवलं? संध्याकाळची गाडी रिकामी पाठवायची का?" सेटर मामा काही बोलले नाहीत. पाना खाली ठेवला, तंबाखूची डबी काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी प्लॅनिंगचा माणूस, म्हणजे मृदंग.

थोरले सेल्स बघतात, धाकटे प्रॉडक्शन. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, हीच पंचाईत. गिऱ्हाइकाची लाइन आमच्यामुळे थांबली तर नुकसान आमच्या नावावर टाकणारी डेबिट नोट येते, आमची प्रेस थांबली तर शिफ्टचे पीस घटतात. भांडण म्हणाल तर तेही नाही, दुपारी एकाच डब्यात जेवतात. फक्त शेड्यूलचा विषय तिथं निघत नाही.

गंमत पुढेच आहे. डाय बदलायला अडीच तास जायचे म्हणून गेल्या वर्षी आम्हाला ट्रेनिंगला पाठवलं. तिथं जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंची गोष्ट ऐकली : १९६९ साली टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे, ते त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणले. मशीन चालू असताना उरकता येतील ती कामं आधीच उरकायची, एवढंच त्यातलं इंगित. आम्ही कुठले तीन मिनिटांवर जातोय! पण बोल्ट एका मापाचे केले, पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवू लागलो आणि पन्नास मिनिटांवर आलो. पेढे वाटले.

आणि तिथंच घात झाला. अडीच तास बुडतील या धाकानं साहेब पूर्वी दहादा विचार करायचे. आता "पन्नास मिनिटांचा तर प्रश्न आहे!" पूर्वी दिवसातून एकदा डाय बदलायची, आता चारदा. म्हणजे अडीच तासांच्या जागी तीन तास वीस मिनिटं. शिंगोंनी वेळ वाचवला तो एका वेळी काढायचा लॉट लहान करून साठा कमी ठेवता यावा म्हणून, साहेबांना मत बदलणं स्वस्त पडावं म्हणून नव्हे.

मी प्रेसजवळ फळा लावला : बदल कुणी सांगितला, किती वाजता, सही. "फोनवर सांगितलं ना, सही कसली?" हे मात्र दोघंही एकमुखानं म्हणाले.

आज निघताना मामांनी विचारलं, "उद्याला ट्रॉलीवर कुठली डाय ठेवू?"

म्हटलं, दोन्ही ठेवा.