स्वातंत्र्याची तारीख कोणी ठरवायची?

१५ ऑगस्ट ही तारीख आपण निवडलेली नाही. ती माउंटबॅटन यांनी निवडली, कारण जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण होत होती. आपली तारीख होती २६ जानेवारी. १९३० पासून लोक तोच स्वातंत्र्यदिन पाळत होते, लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन. तिचा मान राहावा म्हणून पुढे राज्यघटना त्या दिवशी लागू केली.

इंडोनेशियाने असं होऊ दिलं नाही. सुकार्नो आणि हत्ता यांनी १७ ऑगस्ट १९४५ला स्वातंत्र्य जाहीर केलं. डचांनी ते मानलं नाही, लढाई झाली, आणि अखेर २७ डिसेंबर १९४९ला त्यांनी सत्ता सोडली. पण तिथले लोक सण करतात तो १७ ऑगस्टलाच. डचांनी कागदावर सही कधी केली, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

माझा १५ ऑगस्टवर राग नाही. झेंडावंदनाला मी जातो, जिलेबीही खातो. माझी तक्रार मुंबईकरांबद्दल आहे. ९ ऑगस्टला ‘चले जाव’च्या आठवणीत गवालिया टँकवर निदान हार तरी पडतात. पण फेब्रुवारी १९४६?

१८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक तळावरच्या पोरांनी संप केला. निमित्त निकृष्ट जेवणाचं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीचं. पण मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटकाही होती. बघता बघता बंदरातल्या जहाजांवरचे युनियन जॅक उतरले आणि काँग्रेस, लीग आणि लाल बावटा असे तिन्ही झेंडे चढले. (आज हे तीन एका काठीवर कल्पून बघा.) जहाजांची रसद तोडली, तेव्हा लोक घरून डबे घेऊन गेटवेवर गेले.

२२ तारखेला गिरण्या बंद पडल्या. परळ, लालबागमधला कामगार रस्त्यावर आला आणि लष्कराने गोळ्या घातल्या. परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. दोनतीन दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. काँग्रेस आणि लीग, दोघांच्याही पुढाऱ्यांना हा उठाव अडचणीचा वाटत होता. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ला नौसैनिकांनी शरणागती पत्करली. पुढे कित्येकांची नोकरी गेली, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही. कुणाच्याच पक्षाचे नव्हते, म्हणून कुणीच त्यांची जयंती-पुण्यतिथी केली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘आपण विसरभोळे आहोत’ हे उत्तर मला पटत नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी आपण १ मे साजरा करतो आणि २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात डोकंही टेकवतो. सत्कार वेगळा आणि सुतक वेगळं, हे या शहराला नीट कळतं. मग १९४६च्या मेलेल्यांनाच का वगळायचं? कुलाब्यात त्या उठावाचं स्मारक आहे, पण गिरणगावातली माणसं जिथे पडली, तिथे आता टॉवरची पार्किंगं आहेत.

नवी सुट्टी नको, सुट्टीला लोक लोणावळ्याला जातात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचे मांडव गल्लोगल्ली असतातच. परळ-लालबागच्या मंडळांनी त्यातला एखादा २२ तारखेपर्यंत ठेवावा, आणि ज्यांची नावं सापडतील तेवढी फळ्यावर लिहावीत. वर्गणी मी देतो.