सदर बसचे ब्रेक

आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेचं संपादन माझ्या गळ्यात पडलंय, कारण निवडीच्या बैठकीला मी गैरहजर होतो. जाहिराती मिळतात, छपाई होते. छळतात ती प्रवासवर्णनं.

यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गणपतीपुळ्याची सहल लिहून दिली. काका सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांचं पहिलं वाक्य पनवेलला बसमध्ये चढतं, वडखळला मिसळ खातं, तर्रीबद्दल तक्रार करतं, महाडला पाय मोकळे करतं आणि 'तद्नंतर सदर बसचे ब्रेक कशेडी घाटात निकामी झाल्याचे निदर्शनास आले, तथापि सर्वजण सुखरूप असून' असं म्हणत खेडकडे निघून जातं. पूर्णविराम थेट पुळ्याच्या देवळात! मोडी लिहिणारे आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिला अक्षरं लटकवत जात. शब्दसुद्धा तोडत नसत. मग १८५०च्या सुमारास मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं मराठीला विरामचिन्हं लावून दिली. काकांपर्यंत ती यायची आहेत.

मिसळीला अर्धं पान आणि ब्रेकला अर्धी ओळ? मी वर गेलो. म्हटलं, "काका, घाटातलं जरा तोंडी सांगा."

"अरे, घाट उतरत होतो, बाहेर हे धुकं, मागे पोरांच्या भेंड्या चाललेल्या, ड्रायव्हर आपला गुणगुणत एकेक वळण घेतोय..." इथे काकांनी अडकित्ता उचलला. सुपारी कातरली. माझा श्वास अडकलेला. "ब्रेक दाबला. लागेना. परत दाबला. नाहीच."

वा! लांब वाक्यात बस डुलत आली आणि तुटक वाक्यांनी पोटात गोळा आणला. वाक्य कुठे सैल सोडायचं, कुठे कातरायचं, हे काकांच्या अडकित्त्याला कळतं. पेन हातात आलं की मात्र कचेरी उघडते. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला.

प्रूफ बघून काका भडकले. "'लागेना.' हे काय वाक्य झालं? कर्ता कुठाय? वाचणाऱ्याला वाटेल, मला धाप लागलीय."

"लागू दे की काका, घाट आहे."

"आणि 'सदर' का काढलंस?"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि प्रुफात डोकावल्या. "अरे, कसलं 'परत दाबला' नि काय! ब्रेक गेले तेव्हा हे घोरत होते. खेडला चहाला उतरलो, तेव्हा कुठे यांच्या निदर्शनास आलं."