स्रोत: टीमचे विश्लेषण

आज क्लायंटच्या स्टिअरिंग कमिटीसमोर, म्हणजे प्रकल्पावर लक्ष ठेवणाऱ्या वरिष्ठांसमोर, आमच्या सल्लागार फर्मची स्लाइड लागली आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘स्रोत: टीमचे विश्लेषण’ ही ओळ दिसली. डोकंच फिरलं माझं.

कसलं टीमचं विश्लेषण? क्लायंटची बिलं उशिरा का निघतात, ते त्यांच्याच डिस्पॅचमधल्या एका ताईंनी सांगितलं. डिलिव्हरीची नोंद झाल्याशिवाय सिस्टीम बिल बनवत नाही आणि माल पोचल्याची सही झालेली चलनं ड्रायव्हर परतल्यावर एकगठ्ठा जमा होतात. शेवटच्या फेरीची तर दुसऱ्या दिवशी. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावलं, तेही स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत. मी त्याचे चौकोन आणि बाण केले, किती पैसा अडकतो ते एक्सेलमध्ये काढलं. आज आमच्या फर्मच्या पार्टनरने तो ‘आमचा कळीचा निष्कर्ष’ म्हणून मांडला. ताईंना मीटिंगला बोलावलंसुद्धा नव्हतं.

माझ्या तासातासाचं बिल क्लायंटला लागतं. ताईंची ती सुट्टी कुठल्या टाइमशीटवर आहे?

माझ्यासारख्या बिझनेस ॲनालिस्टचं निम्मं काम म्हणजे माणसांना विचारणं आणि नीट ऐकणं. आमच्या पेशाचा प्रमाण मानला जाणारा ग्रंथ म्हणजे बाबॉक गाइड, त्याची २०१५ची तिसरी आवृत्ती बघा. सहा नॉलेज एरियांपैकी (विषय-विभागांपैकी) एक अख्खा ‘एलिसिटेशन अँड कोलॅबरेशन’ला, म्हणजे माणसांकडून माहिती काढून घेणं आणि त्यांच्यासोबत काम करणं याला दिलाय. मिळालेली माहिती बरोबर आहे ना याची खातरजमा करा, असंही त्यात आहे. आमच्याकडे ती खातरजमा व्हीपींकडे, म्हणजे वरच्या साहेबांकडे होते. ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे परत जातो कोण?

हो, मान्य. ताईंचं म्हणणं आतल्या कुणी ऐकलं नसतं, बाहेरच्या फर्मचा शिक्का लागला म्हणून ऐकलं. आणि कधीकधी सांगणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून नाव झाकावंच लागतं, तेही खरं. पण ताईंना कुणी विचारलं का, नाव देऊ की नको? सरळ गाळून टाकलं!

मॅनेजरवर तेवढा राग नाही माझा. रात्री उशिरापर्यंत तोही स्लाइडच दुरुस्त करत असतो, त्याच्या डोक्यावर पार्टनर आणि पार्टनरच्या डोक्यावर पुढची फेज विकायचं टेन्शन. पण आकृती समजावताना ताई ज्या उत्साहाने बोलत होत्या ना, तो डोळ्यांसमोरून हलत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं, म्हणाल्या.

फायनल डेक, म्हणजे स्लाइडचा शेवटचा संच, अजून जायचाय. स्रोताच्या ओळीत ‘डिस्पॅच विभागातील मुलाखती’ असं मी लिहिणार आहे. उद्या ताईंना फोन करते. त्या हो म्हणाल्या तर नावही टाकणार. कुणी खोडलंच, तर का खोडलं ते सगळ्यांसमोर विचारेन.