सामायिक तार एकाच चिपच्या नावावर चढवू नका

आमच्या भागातल्या इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश बरेच दिवस फिरतोय. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागांत ओलावा आणि हवामान मोजणारी लिनक्स बोर्डं बसवणारेही तो प्रमाण मानून चालतात. त्याचा सार असा: दोन चिपांना एकच पॉवर लाइन किंवा एकच रिसेट लाइन असेल, तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कुठली चिप कुठल्या तारेवर आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या वर्णनात) ती फक्त पहिल्या चिपच्या नोडमध्ये, म्हणजे नोंदीत, लिहा, कारण कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, शेअरिंग कळत नाही आणि दोनदा लिहिलं की एरर येतो. पॉवरला सरळ ‘ऑलवेज-ऑन’, म्हणजे कायम चालू, लावा. रिसेट पिन हॉग करा, म्हणजे कर्नलकडूनच एका पातळीवर अडवून ठेवा, किंवा बूट स्क्रिप्टमधून वर करा. बोर्ड चालू झालं म्हणजे वर्णन बरोबर.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यामुळे बागेतली यंत्रं बंद पडतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“कर्नलला शेअरिंग कळत नाही.” पॉवरच्या बाबतीत हे साफ चूक आहे. लिनक्समध्ये रेग्युलेटर फ्रेमवर्क, म्हणजे चिपांचा वीजपुरवठा सांभाळणारी व्यवस्था, २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीत आलं, आणि एका सप्लायवर अनेक ग्राहक असणार हे त्यात पहिल्यापासून धरलेलं आहे. सप्लायचा नोड एकदाच लिहायचा. मग त्यावर चालणाऱ्या प्रत्येक चिपच्या नोडमध्ये ‘सप्लाय’ची ओळ टाकून त्या नोडकडे बोट दाखवायचं. ड्रायव्हरने (चिप चालवणाऱ्या प्रोग्रामने) सप्लाय मागितला की मोजणी एकने वाढते, सोडला की एकने उतरते. शून्यावर आली तरच लाइन बंद होते. दोन भावांच्या सामायिक विहिरीची नोंद दोघांच्याही सातबाऱ्यावर असते, तसंच हे आहे. एकाच्याच सातबाऱ्यावर ती चढवली, तर दुसऱ्याचा हक्क कागदावर उरतच नाही.

एकाच नोडमध्ये लिहिलं की काय होतं ते नीट पाहा. समजा ३.३ व्होल्टची एक लाइन लोड स्विचमधून (सॉफ्टवेअरने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) निघते आणि तिच्यावर दोन चिपा आहेत: तापमान-आर्द्रतेची बीएमई२८० आणि जमिनीतल्या ओलाव्याच्या सेन्सरचा एडीसी, म्हणजे त्याच्या सिग्नलचा आकडा करणारी चिप. सप्लायची ओळ फक्त बीएमई२८०च्या नोडमध्ये आहे. एडीसीचा ड्रायव्हर सप्लाय मागतो, वर्णनात तो सापडत नाही, म्हणून कर्नल त्याला ‘डमी रेग्युलेटर’ देतं आणि लॉगमध्ये तशी ओळ टाकतं. डमी चालू केला काय नि बंद केला काय, तारेवर काहीच घडत नाही. इकडे बीएमई२८०चा लिनक्समधला ड्रायव्हर काही काळ काम नसलं की चिपला झोपवतो आणि सप्लाय सोडतो. मोजणी शून्य होते, लोड स्विच बंद होतो आणि एडीसीची पॉवर जाते. त्याच्या ड्रायव्हरला मात्र याचा पत्ता नसतो.

टेबलावर हा दोष दिसत नाही. तिथे आपण एकामागोमाग एक रीडिंग काढत बसतो, त्यामुळे चिपला झोपायला सवड मिळत नाही. बागेत पंधरा मिनिटांनी एकदा रीडिंग लागतं. तिथे एडीसी जागा होतो तेव्हा त्याच्या रजिस्टरांत (सेटिंग ठेवायच्या आतल्या जागांत) कारखान्यातल्या मूळ किमती असतात आणि ओलाव्याचा आकडा भलताच येतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत ताण दिलेला असतो. ओलित कधी सुरू करायचं, हे शेतकरी त्या आकड्याकडे बघून ठरवू लागला आहे. तो आकडा खोटा येत असेल तर आपण त्याचा बहार धोक्यात घालतो, हे हे काम करणाऱ्याने मनावर घ्यायला हवं.

बीएमई२८०च्या डेटाशीटमध्ये एक इशाराही आहे. इंटरफेसचा सप्लाय बंद असताना पिना हायवर धरल्या, तर आतल्या संरक्षक डायोडांतून जादा करंट जाऊन चिप कायमची खराब होऊ शकते. आयटूसीचे (चिपांशी बोलायच्या दोन तारांचे) पुल-अप, म्हणजे त्या तारा हायवर ठेवणारे रेझिस्टर, वेगळ्या, कायम चालू असलेल्या लाइनवर असतील तर नेमकं हेच होतं. म्हणून स्किमॅटिक बघताना पुल-अप कुठल्या लाइनवर आहेत तेही बघा.

“दोनदा लिहिलं की एरर येतो.” अर्धं खरं आहे ते हे वाक्य, आणि तेही फक्त रिसेटबद्दल. ड्रायव्हरने रिसेटची जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणारी पिन) थेट मागितली की ती त्याच्या एकट्याच्या ताब्यात जाते. दुसरा मागायला गेला की त्याला ‘बिझी’, म्हणजे उणे १६ मिळतं आणि त्याचा प्रोब, म्हणजे चिप ताब्यात घेऊन सुरू करायची पायरी, तिथेच थांबतो. अनेकांनी हे अनुभवलं आहे, त्यामुळे संदेशावर विश्वास बसणं साहजिक आहे. पण रिसेट फ्रेमवर्कमध्ये सामायिक रिसेटची सोय २०१६ सालीच झाली, आणि २०२४ च्या ६.९ आवृत्तीत जीपीआयओवरच्या रिसेटसाठीही ती आली. आता दोन्ही नोडमध्ये तीच पिन, त्याच ॲक्टिव्ह-लो (पिन खाली म्हणजे रिसेट) खुणेसह लिहिली, तर कर्नल एकच रिसेट कंट्रोलर उभा करून दोघांना वाटून देतं. अट एवढीच, की दोन्ही ड्रायव्हरांनी रिसेट फ्रेमवर्कमधून, सामायिक म्हणून मागणी करायला हवी. कर्नल जुनं असेल किंवा ड्रायव्हर तसा नसेल, तर एरर येणारच. मात्र तो ड्रायव्हरमध्ये दुरुस्त करायचा असतो. वर्णनातून एक ओळ गाळल्याने बोर्डावरची तार एकाच चिपची होत नाही.

ओळ गाळल्यावर काय होतं? लांबच्या केबलवरून सेन्सर वाचायच्या आरएस-४८५ जोडणीसाठी दोन यूएआरटी (सीरियल पोर्टच्या) चिपा एकाच रिसेटवर आहेत आणि रिसेट फक्त पहिलीच्या नोडमध्ये आहे असं समजा. दुसरीचा प्रोब आधी झाला, तिने बॉड रेट (डेटाचा वेग) लावला, काम सुरू केलं. मग पहिलीचा ड्रायव्हर आला आणि त्याने रिसेट खाली ओढून सोडला. दुसरीची सगळी रजिस्टरं पुसली गेली, पण तिच्या ड्रायव्हरच्या लेखी सगळं ठीक आहे. त्या केबलवरच्या मॉडबस संवादात उत्तर येत नाही आणि माणूस केबल तपासत बसतो. प्रोबचा क्रम दर बूटला सारखा राहील याची हमी नसल्यामुळे दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

सामायिक रिसेटची मर्यादाही सांगायला हवी. तिथेही मोजणी असते: सगळ्यांनी सोडल्याशिवाय लाइन पुन्हा रिसेटमध्ये जात नाही. म्हणजे एकच चिप अडकली तर या तारेने तिला एकटीला झटका देता येत नाही, तिच्यात सॉफ्टवेअर रिसेटचं रजिस्टर असेल तर ते वापरावं लागतं. पुढचं बोर्ड तुम्हीच आखणार असाल आणि पिना शिल्लक असतील, तर प्रत्येक चिपला स्वतंत्र रिसेट द्या.

“पॉवरला ऑलवेज-ऑन लावा.” ज्या लाइनला बंद करायचा स्विचच नाही, किंवा जिच्यावर रॅम चालते, तिला हे योग्यच आहे. बाकी ठिकाणी हिशेब करा. एखाद्या लाइनवर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० मिलिअँपिअर उगाच जात असतील, तर दिवसाला ४८० मिलिअँपिअर-तास होतात. पावसाळ्यात दहा दिवस झड लागली आणि पॅनेलवर ऊन पडलं नाही, तर ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीतले ४.८ असेच गेले. त्याहून मोठं नुकसान दुसरं आहे. आयटूसीची डेटा लाइन खाली धरून एखादी चिप अडकली, तर पुष्कळदा पॉवर तोडणं हाच उपाय उरतो. ऑलवेज-ऑनने तो सॉफ्टवेअरच्या हातून काढून घेतला जातो. मग कोणीतरी गाडी काढून बागेपर्यंत जायचं.

काही जण त्याऐवजी ‘बूट-ऑन’, म्हणजे बूटच्या वेळी चालू, लावतात. तेवढ्याने भागत नाही. एकाही ग्राहकाने न मागितलेला सप्लाय कर्नल बूटनंतर साधारण ३० सेकंदांनी बंद करतं. “सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटात मरतं” ही तक्रार आली, तर आधी हेच तपासा.

हॉग आणि बूट स्क्रिप्टबद्दल थोडक्यात: हॉग केलेली पिन नंतर कुठल्याच ड्रायव्हरला मिळत नाही, आणि स्क्रिप्ट धावते तोवर प्रोब होऊन गेलेले असतात. जुन्या कर्नलवर अडलंच तर हॉग करा, पण शेजारी कॉमेंटमध्ये ही तडजोड का केली ते लिहा.

राहिला “बोर्ड चालू झालं म्हणजे वर्णन बरोबर” हा मुद्दा. वर्णन बरोबर आहे का हे बघायची सोय कर्नलमध्येच आहे. डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टीम) माउंट करून रेग्युलेटर समरी उघडा. सामायिक लाइनखाली तिचे सगळे ग्राहक नावानिशी दिसायला हवेत. प्रत्येक चिपची सप्लायची एकच ओळ असेल, तर दोन्ही चिपा कामात असताना मोजणी २ असावी. आता एकीचा ड्रायव्हर अनबाइंड करा, म्हणजे चिपपासून सोडवा. मोजणी १ झाली आणि दुसरीची रीडिंग येत राहिली, तर वर्णन तारेशी जुळलं. मोजणी ० झाली, तर दुसरीच्या नोडमध्ये सप्लायची ओळ लिहायची राहिली आहे. ती लिहा आणि मगच बोर्ड पेटीत बंद करून बागेत न्या.